सभासदांचे पत्ते : रजिस्टरपासून छापील लेबलापर्यंत

(रायपूर येथे रेल्वे व टपाल शाखांच्या कार्यालयीन कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या शिबिरात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या शिबिरात पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण असे मोठे विषय आहेत. त्यांच्यामध्ये आमच्या वाट्याला आलेला विषय आपणांस किरकोळ वाटेल. परिपत्रकांवर आणि अंकांवर चिकटवायची पत्त्यांची लेबले साध्या संगणकावर कशी तयार करावीत, एवढेच आम्हांला सांगायचे आहे. पण हा विषय आम्ही स्वतः मागून घेतला आहे. आमच्या कार्यालयाच्या हातून एक चूक झाली आणि तिचा त्रास एका बाईला भोगावा लागला. तेथूनच सुरुवात करतो.

एक परत आलेले पत्र

डोंगरगडच्या बाजूला एका खेड्यात आमच्या एका दिवंगत ट्रॅकमनचे कुटुंब राहते. ते वारले त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. वहिनींना कुटुंब-निवृत्तिवेतन सुरू झाले होते. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे जुन्या पेन्शनरांना पाठ असते. त्यांचा तो पहिलाच नोव्हेंबर होता. आम्ही दरवर्षीप्रमाणे दाखल्यांचे शिबिर ठेवले आणि ऑक्टोबरात सर्वांना पत्रे टाकली. त्यांनाही टाकले. निदान आमची तशी समजूत होती.

जानेवारीत त्या स्वतः रायपूरला कार्यालयात आल्या. दोन महिन्यांचे पैसे खात्यात आले नव्हते. किराणावाल्याची उधारी झाली होती आणि मुलीच्या शाळेची फी थकली होती. आम्ही जरा चढ्या आवाजातच विचारले, "वहिनी, पत्र पाठवलं होतं, तुम्ही शिबिराला का आला नाहीत?" त्या म्हणाल्या, "भाऊ, पत्र आलंच नाही. आलं असतं तर मी पायी आले असते."

दाखला त्याच दिवशी मोबाईलवर करून दिला आणि पुढे थकलेले पैसेही मिळाले. पण आम्हांला चैन पडेना. कपाटाखाली परत आलेल्या टपालाचा एक खोका होता. सवड मिळाली की पाहू, म्हणून त्यात पत्रे टाकत गेलो होतो. तो उपडा केला. त्यात त्यांचे पत्र सापडले. पुण्याचा शिक्का होता आणि पोस्टाचा शेरा होता की पत्ता अपुरा आहे.

डोंगरगडचे पत्र पुण्याला कसे गेले? डोंगरगडचा पिनकोड ४९१४४५. आमच्या रजिस्टरात कोणीतरी घाईने देवनागरी आकडे लिहिले होते. नवाची शेपटी आखूड राहिली आणि तो एकासारखा दिसू लागला. पाकिटावर पत्ता उतरवणाऱ्याने ४११ वाचले आणि ४११ लिहिले. ४११ म्हणजे पुणे. टपाल खात्याने पिनकोड पाहून पत्र नेले, त्यात त्यांची काही चूक नाही. चूक आमची, आणि ती एका आकड्याच्या शेपटीची.

त्या खोक्यात असे एकच पत्र असते तर आम्ही आज येथे उभे राहिलो नसतो. तेथे बरीच पत्रे होती. कोणी क्वार्टर सोडून गावी गेलेला, कोणी वारलेला, कोणाच्या गावाचा जिल्हाच बदललेला. पत्रे परत येऊन आम्हांला सांगत होती आणि आम्ही ती न वाचता खोक्यात टाकत होतो.

हातातल्या फोनच्या काळात पत्र कशाला?

काही तरुण साथी म्हणतील, आता व्हॉट्सॲपचा गट आहे, मग पाकिटे कशाला? गट आमचाही आहे आणि तो उपयोगाचाही आहे. पण निवृत्त माणसाचा नंबर बदलतो, सिम बंद पडते, फोन मुलाच्या हाती असतो. गटावर सकाळी टाकलेली सूचना दुपारपर्यंत शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडली जाते. घरी आलेला कागद मात्र खुंटीला अडकवता येतो आणि शेजाऱ्याकडून वाचून घेता येतो. ज्यांना सूचनेची सर्वांत जास्त गरज असते, तेच फोनवर सर्वांत कमी सापडतात.

शिवाय संघटनेची यादी ही नुसती सोय नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सभासदांची यादी ठेवणे आणि ती पाहण्याची सोय करणे, हे नोंदणीसाठी लागणाऱ्या नियमांतच घातलेले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. कायदा कोणताही असो, आपले सभासद कोण आणि ते राहतात कुठे, हे सांगता न येणाऱ्या संघटनेला व्यवस्थापनही विचारत नाही. रेल्वेत डिसेंबर २०२४ मध्ये युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले, तेव्हा हे सर्वांनाच कळून आले. घरोघर पोहोचायचे तर आधी घर ठाऊक हवे.

आपल्यासारख्यांच्या चळवळीचा मूळ पुरुष म्हणून आपण नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतो. गिरणीत स्टोअरकीपर होण्यापूर्वी त्यांनी रेल्वे आणि टपाल या दोन्ही खात्यांत काही काळ नोकरी केली होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' १८८० पासून लोखंड्यांनी मुंबईतून चालवले. कामगाराचे म्हणणे छापणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वाचणाऱ्याच्या हाती पडणेही महत्त्वाचे, हे आपल्या या दोन खात्यांतल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

पिनकोड नीट समजून घ्या

रेल्वेवाल्या साथींसाठी थोडे सांगतो. टपालवाल्यांनी चुकल्यास दुरुस्त करावे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो ज्यांनी योजला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी गृहस्थ, केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांतले पत्ते आणि वाचता न येणारे अक्षर, यांवर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला.

पहिला आकडा विभागाचा. आपला ४, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले दोन आकडे घेतले की राज्य जवळजवळ कळते : महाराष्ट्र-गोव्याचे ४० ते ४४ आणि छत्तीसगडचे ४९. पहिले तीन घेतले की सॉर्टिंगचा जिल्हा कळतो. रायपूर शहर ४९२, दुर्ग-राजनांदगावकडचा भाग ४९१, बिलासपूर ४९५. शेवटचे तीन आकडे बटवड्याच्या डाकघराचे.

आता आपली अडचण पाहा. आपले कितीतरी मराठी सभासद नोकरीभर रायपूर, भिलाई, दुर्गला राहतात आणि निवृत्त झाल्यावर गोंदिया, तुमसर, भंडारा, नागपूरकडे जातात. दुर्ग-राजनांदगावकडचे ४९१ आणि भंडारा-गोंदियाकडचे ४४१ यांत एकाच आकड्याचा फरक. तो चुकला की पत्र राज्यच बदलते.

जिल्ह्यांचेही तसेच. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. छत्तीसगडात जानेवारी २०१२ मध्ये नवे जिल्हे झाले, तेव्हा दल्ली राजहरा दुर्गमधून बालोदमध्ये गेले आणि भाटापारा रायपूरमधून बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात गेले. २०२२ मध्ये आणखी पाच जिल्ह्यांची भर पडली. आमच्या रजिस्टरात मात्र दल्ली राजहरा परवापर्यंत दुर्ग जिल्ह्यातच होते.

यादी कशी बांधावी

आम्ही मॅट्रिक झालेलो आहोत आणि संगणकाचा कोणताही वर्ग केलेला नाही. हे अशासाठी सांगतो की आम्हांला जमले ते येथे बसलेल्या प्रत्येकाला जमेल. कार्यालयात एक जुना संगणक आणि एक लेझर प्रिंटर आहे. त्यावर 'लिब्रे ऑफिस' हे सॉफ्टवेअर घातले आहे. ते फुकट मिळते, चोरीची प्रत वापरावी लागत नाही. ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचे 'वर्ड' आणि 'एक्सेल' आहे त्यांनी तेच वापरावे, काम तेच होते.

पहिली गोष्ट, लेबल आधी करू नका, यादी आधी करा. आम्ही प्रथम उलटे केले. पत्ते एकाखाली एक टाईप करून छापले. पुढच्या महिन्यात चार पत्ते बदलले आणि सगळी पाने विस्कटली. यादी तक्त्याच्या, म्हणजे स्प्रेडशीटच्या फाईलमध्ये ठेवावी. एका माणसाला एक ओळ आणि एका गोष्टीला एक रकाना. आमचे रकाने असे आहेत : सभासद क्रमांक, नाव, घर किंवा क्वार्टर क्रमांक, गाव किंवा वस्ती, डाकघर, तालुका, जिल्हा, राज्य, पिनकोड, सभासदाचा प्रकार म्हणजे नोकरीत, निवृत्त की कुटुंब-निवृत्तिवेतनधारक, आणि शेवटी 'टपाल परत' हा रकाना. सगळा पत्ता एकाच रकान्यात कोंबला तर पुढे काहीच वेगळे काढता येत नाही.

दुसरी गोष्ट, पिनकोडचे सहाही आकडे एकापुढे एक, मध्ये जागा न सोडता लिहावेत आणि सगळे इंग्रजी आकड्यांत लिहावेत. मराठीचा अभिमान आम्हांलाही आहे. पण पत्र जेव्हा तेलंगणात किंवा ओडिशात जाते, तेव्हा तेथल्या सॉर्टरने आपले देवनागरी आकडे कसे वाचावेत? शिवाय एकाच रकान्यात दोन्ही प्रकारचे आकडे मिसळले की संगणक त्यांची क्रमवारी वेगवेगळी लावतो.

तिसरी गोष्ट, अक्षरे युनिकोडमध्ये टाईप करावीत. आमच्याकडे काही जुन्या याद्या 'कृतिदेव' फॉन्टमध्ये होत्या. पडद्यावर त्या देवनागरी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरेच असतात. त्यामुळे नावे शोधता येत नाहीत, अकारविल्हे लावता येत नाहीत आणि दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर सगळे गबाळ दिसते. अशा याद्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्यात आणि एकदा डोळ्यांखालून घालाव्यात, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात.

चौथी गोष्ट, पत्ता जेथे जाणार तेथल्या रीतीने लिहावा. आपण सवयीने 'मु. पो.' लिहितो. महाराष्ट्रात पोस्टमनला ते कळते. छत्तीसगडात 'ग्राम' आणि 'पोस्ट' लिहिलेले बरे.

चूक शोधण्याचे काम यंत्राला द्या

यादी भरून झाली की खरा फायदा सुरू होतो. सर्व ओळी पिनकोडच्या क्रमाने लावा. संगणक एका क्षणात लावतो. मग वरून खाली नुसती नजर फिरवा. पुण्याच्या ४११ आणि नागपूरच्या ४४० यांच्यामध्ये कोठेतरी 'डोंगरगड, छत्तीसगड' अशी ओळ दिसली की चूक आपोआप सापडली. आमच्या वहिनींचा पत्ता अगदी असाच दिसला असता. रजिस्टरात तो दिसणे शक्य नव्हते, कारण रजिस्टर भरतीच्या क्रमाने होते.

आणखी दोन तपासण्या आहेत. पिनकोड बरोबर सहा आकड्यांचा आहे ना, हे 'लेन' या सूत्राने कळते. पहिले दोन आकडे वेगळे काढण्याचे 'लेफ्ट' हे सूत्र आहे. राज्य छत्तीसगड असून पहिले दोन आकडे ४९ नसतील, तर ती ओळ तपासावी. राज्य महाराष्ट्र असून ते ४० ते ४४ मध्ये नसतील, तर तीही तपासावी. ही दोन सूत्रे एकदा लिहून ठेवली की पुढे प्रत्येक नव्या पत्त्याला लागू करता येतात.

जिल्ह्यांची दुरुस्तीही अशीच. दल्ली राजहऱ्याच्या तेवढ्या ओळी गाळून घ्याव्यात आणि त्यांतच दुर्गच्या जागी बालोद करावे. सगळ्या यादीत एकदम दुर्गचे बालोद करू नये. आम्ही ते एकदा केले आणि खुद्द दुर्ग स्टेशनजवळ राहणारे सभासद बालोदला पोहोचले. तेव्हापासून असा कोणताही बदल करण्यापूर्वी फाईलची एक प्रत वेगळी काढून ठेवतो.

लेबल छापण्याची कृती

आता छपाई. लिब्रे ऑफिसमध्ये प्रथम आपला तक्ता 'डेटाबेस' म्हणून एकदा जोडून द्यावा लागतो. मग 'फाईल', 'न्यू', 'लेबल्स' असे गेले की एक चौकट उघडते. तेथे आपला तक्ता निवडावा आणि एकेक रकाना लेबलवर आणून बसवावा : पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत घर आणि वस्ती, तिसऱ्या ओळीत डाकघर व तालुका, चौथ्या ओळीत जिल्हा व राज्य आणि शेवटी पिनकोड. नंतर कागदाचे माप द्यावे. छापताना संगणक विचारतो की फॉर्म लेटर छापायचे आहे का. तेथे 'येस' म्हणावे. 'नो' म्हटले तर नावांऐवजी रकान्यांची नावे छापली जातात.

'वर्ड'मध्ये 'मेलिंग्ज' या भागात 'स्टार्ट मेल मर्ज' आणि त्यात 'लेबल्स' आहे. तेथे पहिले लेबल मांडून झाले की 'अपडेट लेबल्स' हे बटण दाबायला विसरू नये. ते विसरले की पानावर पहिले लेबल भरलेले आणि बाकीची कोरी, असे होते. आम्ही एक दुपार त्यात घालवली आहे.

मापाचे गणित सोपे आहे. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. आडवी तीन आणि उभी आठ, अशी २४ लेबले घेतली तर एक लेबल ७० मिलिमीटर रुंद आणि सुमारे ३७ मिलिमीटर उंच होते. तयार चिकट कागदांची मापे निरनिराळी असतात, म्हणून पाकिटावर छापलेले माप पाहूनच आकडे भरावेत आणि पट्टी लावून खात्री करावी. छापताना 'फिट टू पेज' ही खूण काढून मूळ आकारात छापावे. नाहीतर प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत जाते आणि शेवटच्या ओळीतले नाव दोन लेबलांत विभागले जाते. पहिले पान साध्या कागदावर छापावे, लेबलच्या कागदावर ठेवून उजेडाकडे धरावे आणि जुळते का ते पाहावे.

अर्धवट वापरलेला चिकट कागद पुन्हा लेझर प्रिंटरमध्ये घालू नये. आत उष्णता असते, उघडा डिंक आत चिकटतो आणि दुरुस्तीचा खर्च लेबलांच्या दसपट होतो. शाईचा प्रिंटर असेल तर पावसाळ्यात जपावे. थैला भिजला की शाई पसरते आणि पत्ता जातो. ज्या शाखेला चिकट कागद परवडत नाही, तिने साध्या कागदावर छापून कात्रीने कापावे आणि खळ लावून चिकटवावे. सुबक दिसणार नाही, पण पोहोचेल.

अक्षर बारीक ठेवू नये. पिनकोड स्वतंत्र ओळीत आणि बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा असावा. आमच्यात आर.एम.एस.चे साथी बसले आहेत. रात्रपाळीत खाण्यांच्या कपाटासमोर उभे राहून पत्रे टाकताना त्यांची नजर प्रथम त्या सहा आकड्यांवर जाते. लेबले पिनकोडच्या क्रमानेच छापली की पाकिटेही त्याच क्रमाने हाती येतात. पहिले तीन आकडे सारखे असलेल्यांचे वेगळे गठ्ठे बांधून दिले तर त्यांचे काम हलके होते. एका खात्याच्या कामगाराने दुसऱ्या खात्याच्या कामगाराचे ओझे कमी करावे, यात संघटनेचाही धर्म आहे.

आणि पाकिटाच्या एका कोपऱ्यात आपल्या कार्यालयाचा पत्ता हवाच. तो नसेल तर न पोहोचलेले पत्र आपल्याकडे येत नाही आणि आपल्याला काही कळतच नाही. त्यासाठी दुसरे, लहान लेबल करावे किंवा शिक्का मारावा.

टपालाच्या सेवाही बदलत आहेत, त्या ध्यानात घ्या. पोस्टिंगचा दाखला, ज्याला आपण यू.पी.सी. म्हणत होतो, तो २०११ मध्ये बंद झाला. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. महत्त्वाची नोटीस आता स्पीड पोस्टने पाठवावी लागते आणि तेथे चुकीच्या पत्त्याची किंमत जास्त पडते. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने 'डिजिपिन' हा दहा अक्षर-आकड्यांचा संकेत आणला आहे. तो सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनापर्यंत जागा दाखवतो. घराला क्रमांक नसलेल्या खेड्यांत त्याचा उपयोग होईल. त्यासाठी यादीत एक रकाना मोकळा ठेवावा, पण पिनकोड सोडू नये.

माणसे बाजूला सारू नका

आमच्या कार्यालयात दोन निवृत्त साथी वर्षानुवर्षे पाकिटांवर पत्ते लिहीत. अक्षर मोत्यासारखे. संगणक आला तेव्हा त्यांना वाटले, आता आपले काम संपले. आम्हांलाही क्षणभर तसेच वाटले होते. पण यादी छापून त्यांच्यापुढे ठेवली आणि एकाने नावे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसरा सांगू लागला : हा वारला, त्याच्या पत्नीचे नाव घाला. हा डब्ल्यू.आर.एस. कॉलनी सोडून मुलाकडे नागपूरला गेला. हे दोघे सख्खे भाऊ आहेत, एकाच घरी दोन अंक कशाला? ही माहिती कोणत्याही संगणकात नव्हती. आता दर तीन महिन्यांनी ते दोघे यादी वाचतात. लिहिण्याचे कष्ट गेले आणि त्यांच्या माहितीची किंमत वाढली.

आणखी एक गोष्ट त्या डोंगरगडच्या वहिनींनीच शिकवली. आमच्या पत्रावर त्यांच्या पतीचे नाव घालून 'यांची विधवा' असे लिहिले होते. खोक्यातून काढलेले ते पाकीट त्यांनी हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, पोस्टमन मला माझ्या नावानं ओळखतो. माझं नाव लिहायचं होतं." आम्ही काही बोलू शकलो नाही. यादीत 'नाव' या रकान्यात आता प्रत्येक बाईचे स्वतःचे नाव आहे. पतीचे नाव वेगळ्या रकान्यात असते, ते लेबलवर येत नाही.

यादी सांभाळा

शेवटचा आणि फार महत्त्वाचा मुद्दा. रजिस्टर कपाटात होते, ते कोणी नेले तर दिसत होते. फाईल मात्र नेलेली दिसत नाही. हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली पेन्शनरांना फोन करून लुबाडणारे लोक आज आहेत. त्यांच्या हाती निवृत्तांची नावे, पत्ते आणि नंबर एकत्र पडले तर काय होईल, याचा विचार करा. म्हणून मोबाईल नंबर आम्ही वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो. पेन्शनचा क्रमांक आणि बँकेचा तपशील या यादीत मुळीच ठेवत नाही. फाईलला पासवर्ड आहे आणि तो दोनच पदाधिकाऱ्यांना माहीत आहे. निवडणुकीला उभा असलेला उमेदवार असो की विमा विकणारा ओळखीचा माणूस, यादी कोणालाही द्यायची नाही, असा ठराव कार्यकारिणीने केला आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. पण कायद्याच्याही आधी सभासदाने आपल्यावर टाकलेला विश्वास आहे.

यादीची एक प्रत पेन ड्राईव्हवर घेऊन कार्यालयाबाहेर, जबाबदार पदाधिकाऱ्याच्या घरी कुलपात ठेवावी. वर्षातून एकदा संपूर्ण यादी कागदावरही छापावी. संगणक बंद पडला म्हणून संघटना बंद पडता कामा नये.

आता काय करावे

बंधू-भगिनींनो, येथून परत गेल्यावर प्रत्येक शाखेने चार कामे करावीत. परत आलेल्या टपालाचा खोका प्रथम उघडावा आणि पोस्टमनने लिहिलेला शेरा यादीच्या शेवटच्या रकान्यात नोंदवावा. ज्या नावापुढे सलग दोनदा 'परत' लागले त्या घरी शाखेच्या माणसाने स्वतः जाऊन यावे. नोव्हेंबरच्या पत्रांसाठी यादी सप्टेंबरमध्येच तपासून घ्यावी. आणि कुटुंब-निवृत्तिवेतन घेणाऱ्या भगिनींची नावे वेगळी काढून त्यांची पत्रे सर्वांत आधी टाकावीत.

मागच्या नोव्हेंबरात आमच्या शिबिरात त्या वहिनी सर्वांच्या आधी येऊन बसल्या होत्या. पिशवीतून पाकीट काढून त्यांनी लेबल दाखवले. त्यावर त्यांचे स्वतःचे नाव होते आणि खाली ठळक अक्षरांत ४९१४४५. बरोबर गावातल्या आणखी दोघीजणी होत्या. त्या दोघींची नावे आमच्या यादीत नव्हती. ती आम्ही तेथेच लिहून घेतली.

 ज्यांना यादीचा नमुना हवा असेल त्यांनी चहाच्या सुट्टीत पेन ड्राईव्ह घेऊन यावे. त्यात फक्त रकाने आहेत, नावे नाहीत.

कामगार एकजुटीचा विजय असो!